तोंडाळ मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका तोंडाळ माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नसेल. डोणगावच्या बाजूला त्यांचा वांग्या-मेथीचा मळा होता. ते बैलाशी भांडत, उशिरा आलेल्या ढगाशी भांडत, एस.टी.च्या कंडक्टरशी तर तिकीट काढायच्या आधीच भांडत. चिखलीच्या डॉक्टरनं सुई टोचली तेव्हा ओरडले, "काऊन बे, टोचून राह्यला का पेरून राह्यला?" आमच्या लग्नात मामा म्हणून नवरीमागे उभे होते, मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटावरून मला म्हणाले, "हस ना बे! फाशी देऊन राह्यलो का तुले?" जावयाला 'बे' म्हणणारा सासरचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मामा म्हणायचे, "राज्य आपलं झालं म्हंतेत, मंग बोलाची चोरी काऊन?"

एका बाजारच्या दिवशी मामा वांगी विकायला बसले होते आणि मी त्यांच्याशी बोलत उभा होतो. शेजारी एक म्हातारी मिरच्या घेऊन बसली होती. पोलीस जमादार आला आणि 'वाट अडवली' म्हणत त्यानं तिची टोपली लाथेनं उडवली. मामा ताडकन उठले. "काऊन बे, पायाले डोळे नाहीत का तुह्या? आमी हाव म्हनून तुही वर्दी हाये!"

एवढंच. शिवी नाही, हात उचलणं नाही. पण खटला झाला तो घाणेरड्या शिव्या दिल्याचा आणि अंगावर धावून गेल्याचा.

कोर्टात मामांनी सांगितलं, "बे म्हनलं, साहेब. थे माह्या तोंडातच हाये. पन आई-बहीन नाही काढली. माहा जवाई होता तिथं, त्याले पुसा."

मॅजिस्ट्रेटनं मला विचारलं. मी कचेरीत हंगामी कारकून होतो, कायम होण्याचा कागद वर गेला होता. जमादार माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "बाजारात गलका होता. मला नीट ऐकू आलं नाही."

मामांना आठ दिवसांची कैद झाली.

सुटले त्या सकाळी मी त्यांना घ्यायला गेलो. मला पाहून ते म्हणाले, "तुमी काऊन तकलीफ घेतली, जवाईबापू?" एवढ्या अदबीनं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. पुढे बाजारातही त्यांचा आवाज चढेना. भाव विचारला की सांगत, घासाघीस केली की मान डोलवत. लोक म्हणायचे, सुधारले मामा.

वर्षभरानं, नोकरी कायम झाल्यावर, मी मळ्यात गेलो. ते वांग्यांना पाणी देत होते.

"मामा, मी ऐकलं होतं. सगळं."

"मले मालूम हाये," ते फावड्यानं पाण्याचा दांड मोडत म्हणाले. "नोकरीवाल्या मानसाले पोट रायते."

मग ते पुढच्या वाफ्याकडे वळले. मी बांधावर बराच वेळ उभा राहिलो. त्यांनी मला एक सणसणीत शिवी हासडावी, एवढंच मला हवं होतं. पण पाणी सरीसरीनं पुढे जात राहिलं, आणि मामा खाली मान घालून त्याच्यामागे चालत गेले.