गुलाबी सेंट

नाणं गुलाबी होतं. तीन आठवड्यांपूर्वी मीच सही केलेल्या पावतीवर मात्र लिहिलं होतं: 'तपकिरी, न वापरलेलं.'

सकाळचे नऊ वाजले होते. कॅटलॉग दोन दिवसांत प्रिंटला जायचा होता आणि नेमकं हेच नाणं मुखपृष्ठावर येणार होतं.

मी म्युनिकच्या एका ऑक्शन हाउसमध्ये नाण्यांचं ग्रेडिंग करते. पुण्यात मेटलर्जी शिकले, मग हायडेलबर्गला तांब्याच्या गंजण्यावर पीएचडी केली. माझ्या बॅचचे सगळे मोटार कंपन्यांत गेले. तिथे कोणाला गंजलेल्या तांब्याचं कौतुक नव्हतं, इथे होतं. माझ्याकडे मुख्यतः जुने अमेरिकन सेंट येतात. शुद्ध तांब्याचे, आपल्या जुन्या मोठ्या रुपयाएवढे. ग्रेडिंग म्हणजे त्यांना एक ते सत्तरमधले मार्क देणं. साठच्या पुढे म्हणजे नाणं बाजारात फिरलेलंच नाही. तांब्याला रंगाचा वेगळा शेरा असतो: लाल, लाल-तपकिरी, तपकिरी. टाकसाळीतून नाणं लालसर निघतं, मग हवेने हळूहळू तपकिरी होतं. तो थर म्हणजे त्याची कातडी. एकदा गेली की गेली. घासलेल्या नाण्याला मग नंबर देत नाहीत, 'साफ केलेलं' एवढाच शेरा देतात. आमच्या धंद्यात ही शिवी आहे.

हा संग्रह फ्राऊ हार्टुंग यांनी विकायला दिला होता. वय ऐंशीच्या पुढे, नवरा वारून वर्ष झालेलं. वॉल्टर हार्टुंग मशीन डिझाइनचे इंजिनिअर. प्रत्येक नाण्याचं कार्ड त्यांनी बारीक अक्षरात लिहिलेलं. घेताना मी दहाबारा नाणी तपासली, कार्डांशी तंतोतंत जुळली. मग उरलेल्यांची वर्णनं, या नाण्याचंसुद्धा, सरळ कार्डांवरून पावतीवर उतरवली. इंजिनिअरचा इंजिनिअरवर विश्वास, दुसरं काय.

माझे बॉस हेर लोरेन्झ यांनी पावती वाचली, नाणं बघितलं, पुन्हा पावती वाचली.

"फ्राऊ गोखले, तिजोरीची किल्ली कोणाकडे असते?"

"तुमच्याकडे आणि माझ्याकडे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि मी तर नाणं बदललेलं नाही."

म्हणजे उरलं कोण, हे काढायला पीएचडी लागत नव्हती.

मी मायक्रोस्कोपला बसले. कार्डाच्या मागे हार्टुंगनी काढलेला जुना कृष्णधवल फोटो चिकटवलेला होता. त्यात नाण्यावरच्या बाईच्या कानामागे चंद्रकोरीसारखा छोटा खड्डा दिसत होता. शिवाय काठापासून ताऱ्यापर्यंत एक केसाएवढी उठलेली रेघ. ठसा तडकला की अशी रेघ नाण्यावर उमटते. माझ्यासमोरच्या नाण्यावर दोन्ही खुणा जागच्या जागी होत्या. नाणं तेच होतं. पण पृष्ठभागावर गोल गोल बारीक ओरखडे होते. न घासलेलं नाणं तिरपं केलं की चमक गाडीच्या चाकासारखी फिरते. इथे ती हलायलाच तयार नव्हती.

"बदललेलं नाही, घासलंय," मी सांगितलं.

"कोणी? तुमच्या घरी तांब्याची भांडी असतील ना?"

"आहेत. ती मी चिंचेने घासते. चिंच ऑफिसात आणत नाही."

ते जरा ओशाळले. मग व्यवहारावर आले. "समजा आपण 'आकर्षक रंग' एवढंच लिहिलं तर?"

"रंग आकर्षकच आहे. फक्त तो नाण्याचा नाही. आणि रिपोर्टखाली नाव माझं येतं."

दुपारी एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून मी फ्राऊ हार्टुंगकडे गेले. वाटेत एकच विचार: बाई 'नाही' म्हणाल्या, तर नाणं आमच्या तिजोरीत घासलं गेलं असं ठरणार, आणि आमच्या तिजोरीत म्हणजे माझ्या हातून. त्यांनी कॉफी आणि प्लमचा केक पुढे ठेवला. मी नाण्याचा फोटो दाखवला.

"हे कधी कोणी साफ केलं होतं का?"

त्यांचा चेहरा उजळला. "हो तर! मीच केलं! वॉल्टरच्या सत्तराव्या वाढदिवसाला. त्याचं सगळ्यात लाडकं नाणं, आणि इतकं काळपट! व्हिनेगर, मीठ आणि टूथब्रश. अख्खी दुपार गेली."

नोकरी वाचल्याचा आनंद तोंडावर दिसू नये म्हणून मी कप उचलला.

"ते काय म्हणाले?"

"बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, 'झेअर श्योन.' आणि मला मिठी मारली."

झेअर श्योन म्हणजे 'फार सुंदर'. जर्मन नाणेवाल्यांची ती एक ग्रेडही आहे. ऐकायला गोड, प्रत्यक्षात वापरून बऱ्यापैकी झिजलेल्या नाण्याची. न वापरलेल्या नाण्यापेक्षा चांगल्या दोन पायऱ्या खाली. हार्टुंगना बायकोशी खोटं बोलायचं नव्हतं बहुतेक. हे मी बाईंना सांगितलं नाही. रिपोर्टला त्याची गरज नव्हती.

"पुढच्याच आठवड्यात त्याने कपाटाला कुलूप बसवलं," त्या म्हणाल्या. "शेजारी चोऱ्या होताहेत म्हणाला." मग माझ्या कपात कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "चोऱ्या झालेल्या मला तरी आठवत नाहीत."

मी केक खात राहिले.

"फ्राऊ गोखले, मी ते खराब केलं का?"

असं विचारल्यावर पळवाट नसते. "नाणं म्हणून बघितलं तर, हो."

"आणि कार्डावर?"

"अजून 'तपकिरी'च लिहिलंय."

"पण तो तर एक स्वल्पविराम चुकला तरी पूर्ण कार्ड नव्याने लिहायचा." त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "पंधरा वर्षं. एक शब्द बोलला नाही, गाढव." आणि मग त्या हसल्या.

नाणं स्वतः साफ केल्याचं निवेदन त्यांनी जागेवर लिहून दिलं. "टूथब्रशचं लिहू का?" असंही विचारलं. मी म्हटलं, नको.

मुखपृष्ठावर दुसरा सेंट गेला, अस्सल तपकिरी आणि दिसायला अगदी सामान्य. बाकीचा संग्रह उत्तम विकला गेला. गुलाबी नाणं फ्राऊ हार्टुंगनी परत मागून घेतलं. हेर लोरेन्झ हळहळले, "आपलं सगळ्यात चांगलं नाणं गेलं." मी म्हटलं, "ते पंधरा वर्षांपूर्वीच गेलं होतं."

नंतर मी हार्टुंग यांची सगळी कार्डं एकेक करून तपासली. दुसरी एकही चूक सापडली नाही. त्यातून शिकले ते एवढंच: निष्काळजी माणसाच्या चुका आपोआप दिसतात. काटेकोर माणसाने जाणूनबुजून ठेवलेली चूक पकडायला भिंग पुरत नाही, त्याच्या बायकोकडे कॉफीला जावं लागतं.