आईच्या गोळ्या आणि माझी साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, आईलाही नाही. देवाला तरी सांगितलं का, असं तुम्ही विचाराल — तर तिथेही मी त्या गोष्टीच्या कडेकडेने फिरत राहिले आणि आमेन म्हणून उठले. आता मात्र गप्प राहिले तर एका बाईचं आणखी नुकसान होईल. म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील धुळ्यात एका शाळेत शिपाई, आई तिथल्याच वसतिगृहात स्वयंपाकाला. जळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा राहायचं कुठे, हा प्रश्न होता. तो आमच्या चर्चच्या मंडळीने सोडवला. पाळकबाईंनी मला जळगावातल्याच मेहरूण भागात मार्थाअक्कांच्या घरी नेऊन सोडलं आणि म्हणाल्या, "अक्का, ही तुमची पोर."

अक्का विधवा. डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायच्या. दोन खोल्यांपैकी उजेडाची खोली त्यांनी मला दिली, माझ्या पुस्तकांसाठी. सकाळी कळण्याची भाकरी डब्यात घालताना विचारायच्या, "कॉलेजमा काय शिकाडतस तुले?" मी म्हणायचे, रसायनशास्त्र. "मंग सांग, तूरडाळ लवकर कशी शिजाडतस?" मला ते सांगता यायचं नाही. त्या पोट धरून हसायच्या. आज मी शाळेत विज्ञान शिकवते ते त्या उजेडाच्या खोलीमुळे — हे मला आधीच सांगायला हवं होतं. की मी ते आधी सांगून तुमचं मन मऊ करते आहे? माहीत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आईची साखर एकाएकी वाढली आणि ती बेशुद्ध पडली. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात तीन दिवस ती तशीच होती. मी तिच्या उशाशी. इकडे जळगावला मंडळीने प्रार्थना धरली. चौथ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जेवनी का तू?"

ते डोळे उघडणं मी विसरू शकत नाही. सलाईनमधून थेंब थेंब औषध जात होतं, एक नर्स दर तासाला बोटातून रक्त काढून साखर बघत होती, डॉक्टर दोन रात्री घरी गेले नव्हते — आणि या सगळ्यातून माझी आई परत आली होती. याहून मोठं काय हवं होतं मला?

पण मला ते पुरलं नाही.

आमच्या मंडळीत रविवारी उपदेशाआधी साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी जे केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. मी दीड वर्ष तिथे बसत होते. सगळ्यांनी माझ्यासाठी इतकं केलं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखी साक्ष एकही नव्हती. त्या रविवारी मी उभी राहिले. प्रार्थनेचं सांगितलं, चौथ्या दिवसाचं सांगितलं. लोक रडत होते. कुणी हात वर केले होते. इतके चेहरे एकाच वेळी माझ्याकडे असे कधी वळले नव्हते. आणि बोलता बोलता मी दवाखाना गाळला. सलाईन गाळलं, नर्स गाळली, डॉक्टर गाळले. मुद्दाम? हो — मुद्दाम. त्यांच्याशिवाय ती गोष्ट जास्त मोठी वाटत होती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने अक्का बोलल्या. साखर त्यांनाही होती. "आन् गोळ्या, पोरी? मायन्या गोळ्या चालूच शेतस का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आईला गोळ्या तर चालू होत्याच, वर सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू झालं होतं. मला ते माहीत होतं. मी म्हणाले, "बंद केल्या, अक्का."

"बठ्ठ्या?"

"हो, सगळ्या. बठ्ठ्या."

हे ते. एवढंच ते. लिहायला किती वेळ लागला बघा.

ही लहानशी गोष्ट वाटते का तुम्हाला? मलाही वाटली होती. देवाचीच स्तुती झाली ना — असं मी स्वतःला समजावलं. 'खोटी साक्ष देऊ नको' ही बायबलमधली आज्ञा मी लहानपणी तोंडपाठ म्हणून बक्षीस मिळवलं होतं. ती आज्ञा कोर्टकचेरीतल्या लोकांसाठी असते, असं मी धरून चालले.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की फडताळात अक्कांच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी आहेत. मी रोज बघत होते. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते मी — साखर रक्तात वाढत राहिली की काय होतं, हे परीक्षेपुरतं तरी मला येत होतं. चार महिने मी त्या फडताळातून माझी चहापावडर काढली आणि दार लोटून घेतलं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर माझी साक्ष खोटी ठरली असती. एवढंच अडत होतं.

त्याच दिवसांत आई एकदा जळगावला आली. मंडळीचे आभार मानायचे म्हणून आली होती. मी तिला म्हटलं, गोळी न्हाणीघरात जाऊन घे, इंजेक्शनही तिथेच. "डागदरनी दिधेल गोळी शे," ती म्हणाली, "चोरेल नही." तरी तिने माझं ऐकलं. नंतर मी तिला मंडळीत फारसं येऊ दिलं नाही. काही ना काही कारण काढत गेले.

अक्कांच्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. डाळ मिलमध्ये काही टोचलं असेल. ती भरली नाही. पाय काळा पडला आणि डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली काढला. शुद्धीवर आल्यावर मला बघून त्या म्हणाल्या, "बरं व्हयनं. आते एकच चप्पल झिजी." मी हसले. खरंच सांगते, मी हसले.

दोन महिन्यांनी त्या वॉकर धरून मंडळीत आल्या आणि साक्षीला उभ्या राहिल्या. सगळे वाट बघत होते की काहीतरी चमत्कार सांगतील. अक्का म्हणाल्या, "मना पाय गया. देवनी तो वाचाडा नही. मंग वाचाडा म्हनीसन मी कसं सांगू? तो दवाखानामा मनासंगे व्हता, इतलं माले माहीत शे." मग जरा थांबून माझ्याकडे बोट केलं — रागाने नाही, मायेने. "ह्या पोरीनी मायना विश्वास मोठा व्हता. मना कमी पडना."

मी आयुष्यात अनेक उपदेश ऐकले, पण देव त्या खोलीत आहे असं मला तेव्हा वाटलं तसं कधी वाटलं नाही. एक निरक्षर बाई एका पायावर उभी राहून जेवढं घडलं तेवढंच सांगत होती. देवाचं नाव मोठं करायलासुद्धा तिला एक शब्द वाढवायचा नव्हता. तिच्या सगळ्या साक्षीत एकच गोष्ट खोटी होती, आणि ती माझी होती. मी मान खाली घालून बसून राहिले.

त्याला आता पाच वर्षं झाली. पाच वर्षं अक्का असं मानून जगताहेत की देवाने दुसरीचं ऐकलं आणि त्यांचं ऐकलं नाही, कारण त्यांच्यातच काही कमी होतं. पायापेक्षा हे मोठं आहे. पाय डॉक्टरांनी काढला. देव आपलंही ऐकतो हा त्यांचा भरवसा मी काढून घेतला.

पाय काढल्यापासून अक्का पुन्हा गोळ्या घेतात. मागच्या सोमवारी त्यांना तपासणीला नेलं. उरलेल्या पायाला टाचेशी जखम आहे. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "तुनी मायले इचार ना, तिनी कोनता शब्दमा प्रार्थना करी व्हती. तशीच मी करसू. आन् ह्या गोळ्या सोडी दिसू."

तुम्ही असता तर तिथेच बोलला असता. मी म्हणाले, "विचारते." आणखी एक खोटं — असंच मला तेव्हा वाटत होतं. पण घरी आल्यावर काय वाटलं कोण जाणे, मी आईला खरंच फोन केला. आई, तू दवाखान्यात कोणत्या शब्दांत प्रार्थना केली होतीस?

आई हसायलाच लागली. "माले कोठे शुद्ध व्हती? मी कसानी प्रार्थना करी! तुम्हीच करी व्हती ना तठे, जळगावले."

खरंच — आई बेशुद्ध होती. मी उशाशी होते, पण भीतीने माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग प्रार्थना केली कुणी? मेहरूणच्या त्या घरात तीन दिवस उपास धरून गुडघ्यांवर कोण बसलं होतं? शेजारणीने मला तेव्हाच सांगितलं होतं — अक्कांनी तीन दिवस चहाही घेतला नाही म्हणून. गुडघे तेव्हा दोन्ही होते त्यांचे.

देवाने ऐकलं होतं ते अक्कांचंच. डॉक्टर, नर्स, थेंब थेंब जाणारं औषध — उत्तर त्यातूनच आलं होतं. ज्या प्रार्थनेपुढे अक्का पाच वर्षं स्वतःला कमी समजत आल्या, ती त्यांची स्वतःची होती. आणि त्यांच्या हातातून ती काढून मी लोकांसमोर आईच्या विश्वासाची गोष्ट करून मांडली. हे कळल्यापासून मी घरात हळू आवाजात बोलते. जागा पवित्र आहे हे माहीत नसताना बूट घालूनच आत शिरावं, तसं मला झालं आहे.

अक्कांना वाचता येत नाही. आज दुपारी मी त्यांच्याकडे जाणार आहे आणि हे सगळं त्यांना वाचून दाखवणार आहे, एक ओळही न गाळता. रविवारी मंडळीत उभं राहूनही वाचणार आहे. त्या काय म्हणतील, मला माहीत नाही. त्यांनी काही म्हणावं असं मी धरून बसलेले नाही.

अक्का, आईच्या गोळ्या एक दिवसही बंद नव्हत्या. मी खोटं बोलले. प्रार्थना तुमची होती.