सिंधुबाईंच्या लसणाचं बी

सिंधुबाईंचा लसूण मी मारला, आणि तोही पाणी पाजून. पाण्यावाचून पिकं जातात हे ऐकलं होतं. लाडानं गेलेलं हे पहिलंच असावं.

मी मूळचा सटाण्याचा. अंबडच्या एका कारखान्यात लागलो तेव्हा जेल रोडला सिंधुबाईंच्या घराची मागची खोली भाड्यानं मिळाली. सटाण्याचा म्हटल्याबरोबर त्यांनी मला शेतकरी ठरवून टाकलं. माझे वडील पोस्टात कारकून आणि माझी कांद्याशी ओळख भेळेपुरती. पण परक्या गावात कुणी आपल्याला जाणकार समजत असेल, तर आपण ते कशाला खोडून काढायचं? पहिल्याच दिवशी मी त्यांच्या वाफ्यातली चिमूटभर माती बोटांत चोळली आणि "हं, चांगली आहे" असं म्हणून मोकळा झालो.

सिंधुबाई कळवणकडच्या. वीस वर्षं त्यांनी एका शाळेत पोरांची खिचडी शिजवली. नवरा लवकर गेला. मुलगी हर्षाली मनमाडला रेल्वेतल्या माणसाला दिलेली. घरात उरल्या त्या आणि मोरीमागचा दोन खाटांएवढा वाफा. त्यात दरवर्षी दसरा झाला की लसूण. बी पहिल्या दिवाळीला आईनं पदरात घातलेलं. आई गेली, भावानं रानात डाळिंब लावलं, आणि तो गुलाबी, बारीक पाकळीचा लसूण माहेरातूनही संपला. म्हणजे तो आता जगात होता तो ह्या मोरीमागे.

लावायच्या दिवशी त्या गड्ड्या फोडत, आधी नाही. "आज फोडून उद्या लावला तर तो रुसतो," म्हणायच्या. बाहेरच्या जाड पाकळ्या मातीला, मधल्या बारक्या फोडणीला. टोक वर, बूड खाली, चार बोटांचं अंतर. कुजलेलं शेणखत, चुलीतली मूठभर राख, आणि खुरपं घेऊन रोजची बैठक. गवताची काडी दिसली तरी अशा बघत, जशी ती न विचारता घरात शिरली आहे.

फेब्रुवारीत हर्षालीचं बाळंतपण आलं. पिशवी भरताना म्हणाल्या, "वाल्मीक, लसणाकडे बघशील ना रे? तुला काय सांगायचं म्हणा!"

तेव्हा "सांगा, मला काही येत नाही" एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "निर्धास्त जा मावशी."

चार दिवसांनी पातींची टोकं पिवळी पडायला लागली. आठ दिवसांत माना ढिल्या पडल्या. तो तहानला असावा असं मला वाटलं. नळी लावली, सकाळ-संध्याकाळ वाफा तुडुंब. वर दुकानातून पाव किलो युरिया आणून टाकला. दहाव्या दिवशी मधून कोवळे हिरवे कोंब निघाले आणि मी स्वतःवर खूश झालो.

मावशींचा फोन आला. "कसाय लसूण?"

"एकदम हिरवागार!"

"हिरवा?" त्या म्हणाल्या. "थट्टा करतोस का म्हातारीची?" तेवढ्यात बाळ रडलं आणि फोन बंद झाला. त्यांना ती थट्टा वाटली, आणि मला ती शाबासकी.

परत आल्या तेव्हा पिशवीही खाली ठेवली नाही. सरळ वाफ्याशी गेल्या आणि एक गड्डी उपटली. वरचा पापुद्रा काळा होऊन हातातच राहिला. पाकळ्या फाकलेल्या, प्रत्येकीला कोंब. दुसरी उपटली, तिसरी उपटली. मग वाफ्याच्या कडेला बसल्या.

"तुले कोनी सांगं व्हतं रे पानी देवाले?" राग आला की त्यांची अहिराणी बाहेर येई, पण ह्या वेळी आवाजात रागापेक्षा दमणूक होती. "पात पिवळी पडली की पाणी तोडायचं असतं. तेव्हाच गड्डी सुकते, टिकते. हा आता महिनाभर टिकायचा नाही, आणि बी तर दसऱ्यापर्यंत ठेवायचं."

मी सगळं कबूल केलं. पोस्ट, भेळ, माती चोळणं, सगळं. त्या म्हणाल्या, "ते मला भाड्याच्या पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. शेतकऱ्याचा पोर माती चोळून बोलत नाही, शिव्या देतो."

शिव्या त्यांनीही द्यायला हव्या होत्या, मला बरं वाटलं असतं. उलट शेजारच्या मंजुषाताईंनी कुंपणावरून विचारलं तर म्हणाल्या, "यंदा हवेनं गेला हो." माझ्यासमोर, माझ्यासाठी. तेवढं एक वाक्य मला आजही जेवताना आठवतं.

बऱ्या वाटलेल्या अकरा गड्ड्या त्यांनी सावलीत टांगल्या. आषाढापर्यंत सगळ्या आतून पोकळ. मी बाजारातून टपोरा पांढरा लसूण नेला. त्यांनी तो हातात फिरवला. "पाहुणा आहे. भाजीत घाल."

बोलता बोलता कळलं, पाच वर्षांपूर्वी त्यांनी शाळेतल्या सोबतिणीला, शहनाजआपांना, हेच बी दिलं होतं. मी उडालोच. "मग मागा की!"

"दिलेलं बी परत मागत नाहीत रे. देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो."

"पण लसूण मारणारा चोर मागू शकतो ना?"

त्या हसल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

शहनाजआपा देवळालीगावात राहत. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यांचा लसूण होत असे. माझी कहाणी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला, लसणाला युरिया? ते पण काढायच्या वक्ताला? आणि सिंधूनं तुला अजून घरात ठेवलंय?"

"ठेवलंय."

"तिची आदतच खराब." आत गेल्या आणि पाच गड्ड्या आणून माझ्या रुमालात बांधल्या. गुलाबी, ठणठणीत. "हे तिचंच आहे. पण पाचाच्या सहा परत यायच्या. पाच तिच्या हातच्या, सहावी तुझ्या हातची. बाजारची चालणार नाही, मी ओळखते."

दसऱ्यानंतर मावशींनी रुमाल सोडला. बराच वेळ वास घेत बसल्या. मग मला एक ओळ दिली. मी अपराधी माणूस; जाड पाकळ्या हळूच त्यांच्या ओळींकडे सरकवल्या आणि फोडणीच्या बारक्या माझ्या ओळीत खोचल्या. त्यागच म्हणा ना.

पाती पिवळ्या पडल्या तेव्हा नळी मी स्वतः गुंडाळून माळ्यावर टाकली. मार्चात मावशींनी काढणी केली. त्यांच्या ओळींत मुठीएवढ्या नाही, पण घट्ट, भरलेल्या गड्ड्या. माझ्या ओळीत सुपारीएवढे गोळे, काहींत तर एकच पाकळी.

"बारक्या लावल्यास?"

मी मान हलवली.

"पुन्हा लाड," त्या म्हणाल्या, आणि वर्षानं पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

पाच गड्ड्या घेऊन मी देवळालीगावात गेलो, सोबत माझ्या ओळीतली त्यातल्या त्यात मोठी. आपांनी पाच ठेवून घेतल्या. सहावी दोन बोटांत धरून उन्हात बघितली आणि माझ्या खिशात परत टाकली.

"ही नको, बेटा. गड्डी घेऊन ये."

दसऱ्याला अजून सहा महिने आहेत.