कणगीतले टाक

लाकडाचा तुकडा हातात आला की सुकूबाबा तो आधी गालाला लावत. डोळे मिटत. पोराच्या अंगात ताप आहे का हे पाहावं तसे थोडा वेळ थांबत आणि मग म्हणत, "थंड लागते. ओलं हाये अजून. सुकू द्या." समोरचा माणूस पाळण्याच्या खुरांसाठी आलेला असो की साध्या लाटण्यासाठी, एकदा तरी हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. त्यावरूनच वाशीमच्या लोकांनी त्यांना सुकूबाबा हे नाव दिलं. खरं नाव मलाही माहीत नव्हतं. ते मला विचारावं लागलं, आणि कधी विचारावं लागलं ते पुढे येईलच.

धंद्याने ते कातारी. कमानीच्या दोरीने लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशी टेकवून त्याला गोलाई आणायची, हे त्यांचं काम. मूळचे केनवडचे. तरुणपणी तिथल्या आखाड्यात जोर मारत, मुद्गल फिरवत. पुढे गुडघा निखळला तो नीट बसलाच नाही. बाजाराचं गाव म्हणून वाशीमला आले आणि भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एका पडवीत त्यांनी कमान मांडली. पाय लांब करून बसत. दुखरा गुडघा त्यांनी जन्मभर असा पुढ्यात ठेवलेला होता, एखाद्या हट्टी पाहुण्यासारखा.

त्यांची प्रसिद्धी मात्र लाटण्यांमुळे नव्हती, टाकांमुळे होती. शाईत बुडवून लिहायचे लाकडी टाक सगळेच करत. सुकूबाबांचे टाक खेळांच्या सामानाच्या आकाराचे असत. वीतभर मुद्गल, त्याच्या मुठीच्या टोकाला नीब. दांडूच्या आकाराचा टाक, आणि तो ठेवायला खाच पाडलेली छोटी विटी. माथ्यावर बोंड असलेला मलखांब. गदा. भाला. पहिला टाक त्यांनी स्वतःच्या मुलासाठी केला होता. त्याचं कारण ते सरळ सांगत. "पोरगं दांडू सोडे नाई अन् टाक धरे नाई. मंग म्हटलं, दांडूचाच टाक करतो. आता पळ कुठं पळतो."

"मंग शिकला का?" कोणी विचारलं की ते हसत. "शिकला थोडा. टाक मातर तीन हरवले."

त्यांचा एक नियम होता. जो खेळ हातात धरला नाही त्याचा टाक करायचा नाही. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि कवायतही घ्यायचो. मुलांमध्ये तेव्हा क्रिकेटचं वेड नुकतं आलं होतं. शाळेकडे दोन बॅटी होत्या, त्यातली एक सुतळीने बांधलेली. मी बाबांना म्हटलं, बॅटीचा टाक करा. ते म्हणाले, "पाहिली नाई. धरली नाई. कसा करू?" मी चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहून परत दिलं. "मास्तर, चित्राले वजन नसते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते लंगडत मैदानावर आले. धोतराचा सोगा खोचून खेळपट्टीवर उभे राहिले. साठीच्या आसपासचा माणूस बॅट धरून उभा राहिलेला पाहून पोरं हसायला लागली. "बाबा, चेंडू सुकला का पाहा आधी," एकजण ओरडला. बाबा म्हणाले, "तू टाक त खरं. मंग पाहू कोनाचं तोंड सुकते." पहिले दोन चेंडू गेले. तिसरा नडगीवर लागला. चौथा बॅटीच्या कडेला लागून कुठेतरी गेला, आणि बाबांनी बॅट खाली ठेवली. "समजलं," ते म्हणाले. "वजन खाली असते अन् धरनं वर. टाकाचं उलटं पायजे." तीन-साडेतीन महिन्यांनी बॅटीचा टाक तयार झाला. फळ्याचा भाग आतून पोखरून त्यांनी हलका केला होता. हातात धरला की बॅट आहे हे बोटांना विसरायला होई. हॉकीच्या काठीसाठी तर त्यांनी वाकडी वाढलेली बोरीची फांदी शोधून आणली. मी म्हटलं, सरळ लाकूड ओलं असताना वाकवता येत नाही का? "येते ना. पन वाकवलेलं एक दिवस सरळ होते. वाकडं वाढलेलं इमानी राह्यते."

सुकवण्याची त्यांची रीत निराळी होती. ओबडधोबड आकार दिला की ते टाक कापडात बांधत आणि घरातल्या ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवत. कोरडी ज्वारी लाकडातला ओलावा हळूहळू ओढून घेते, उन्हासारखी घाई करत नाही, म्हणून लाकूड तडकत नाही. दोन महिने. मग बाहेर काढून गालाला लावायचं, शेवटचा हात द्यायचा, लाख चढवायची. पोखरलेल्या टाकाला तर हे दोन महिने चुकवून चालायचंच नाही. भिंत पातळ, आत पोकळ. दोन महिन्यांच्या आत त्यांनी एकही टाक कधी विकला नाही. त्यांच्या पडवीत दुसरी काही मालमत्ता नव्हती. हा शब्द होता.

तो शब्द मी मोडला.

त्या वर्षी खेळांच्या बक्षीस समारंभाला अकोल्याहून शिक्षणखात्याचे साहेब यायचे होते. साहेब स्वतः क्रिकेट खेळणारे. हेडमास्तरांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच मला सांगितलं होतं: दहा विजेत्यांसाठी दहा टाक आणि साहेबांसाठी बॅटीचा एक, सुकूबाबांकडे सांगून ठेवा. मी हो म्हटलं आणि विसरलो. विसरण्याला काही कारण नव्हतं. घरी बाळंतपण होतं हे मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण बाळंतपण माघात होतं आणि मी विसरलो दिवाळीत. माघ अर्धा सरल्यावर हेडमास्तर म्हणाले, "टाक सुकत आले असतील ना?" मी म्हटलं, "हो, कणगीत आहेत." आणि शाळा सुटल्यावर जवळजवळ धावतच बाबांच्या पडवीत गेलो.

समारंभाला तीन आठवडे उरले होते. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "होत नाई, मास्तर."

"काहीही करा बाबा. माझी नोकरी जाईल."

"काहून जाईन? सांगून द्या का इसरलो."

"ते नाही सांगता येत."

बाबांनी हळदूच्या लाकडाचा एक ठोकळा उचलला, गालाला लावला, खाली ठेवला. "घरी लेकरू होनार हाये म्हन्ता तुमच्या?"

मी मान हलवली. ती गोष्ट मी मुद्दाम आधीच बोलून ठेवली होती.

"तुमच्या पोटावर पाय नाई देत," ते म्हणाले. "करून देतो. पन एक ऐका. कार्यक्रमात दाखवा, टाळ्या वाजवा, अन् अकराच्या अकरा माघारी आनून द्या. कोनी शाईत बुडवाचा नाई. मी कणगीत टाकतो. तडकले थे दुसरे करून देतो. मंग वैशाखात, आखजीच्या सनाले, सगळ्याईले वाटा. एवढं तुमच्या तोंडानं सांगा त्याईले."

मी शब्द दिला. टाक देताना त्यांनी प्रत्येक टाक गालाला लावून पाहिला. ‘थंड लागते’ हे मात्र एकदाही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

समारंभाच्या दिवशी फाल्गुनातलं ऊन चांगलं तापलं होतं. बक्षिसं वाटून झाली. पोरं आपापले मुद्गल आणि भाले एकमेकांना दाखवत होती. तपासणीला येणारे साहेब शाळेविषयी चार ओळी लिहितात ते शेरेबुक टेबलावर उघडून ठेवलं होतं. हेडमास्तरांनी मोठ्या अभिमानाने बॅटीचा टाक साहेबांच्या हाती दिला. "साहेब, शेरा याच टाकाने लिहावा."

मी दोन पावलांवर विजेत्यांची यादी घेऊन उभा होतो. ‘साहेब, हा टाक अजून वापरायचा नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर का, असं विचारलं असतं. आणि त्या ‘का’च्या मागे दिवाळी होती. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीला भाजलेला हरभरा फुटावा तसा बारीक आवाज झाला. टाक मधून उभा चिरला, नीब निसटून उडालं आणि शाई पानभर आणि साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर उडाली.

साहेब हसले. हेडमास्तर हसले नाहीत. साहेबांची मोटार गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे काय?"

मी म्हणालो, "त्यानं ओलं लाकूड घातलं असणार. आपल्याला काय कळतं त्यातलं."

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावून आणलं. शाळेच्या ओट्यावर ते गुडघा सांभाळत उभे होते. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही. "काय रे, ओलं लाकूड दिलंस ना शाळेला?" हेडमास्तर म्हणाले. "इतका सुकू द्या, सुकू द्या करतोस. हीच का तुझी कणगी?"

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग हेडमास्तरांकडे पाहून म्हणाले, "हो साहेब. लाकूड ओलं व्हतं."

आणि गेले. एवढंच वाक्य.

पोरांचे टाक मी माघारी मागितलेच नाहीत; आठ-दहा दिवसांत तेही एकेक करून तडकले. सुकूबाबांचं नाव गावभर झालं, पण उलट्या बाजूने. बाजारात लोक म्हणत, "बाबा, लाटणं सुकलं हाये का तुमच्या टाकासारखं?" ते नुसते हसत. टाक करणं त्यांनी बंद केलं. लाटणी, खुंट्या, पाळण्याचे खूर, एवढंच. मी त्या गल्लीने जाणं सोडलं. भाजी घ्यायला मोठा वळसा घालून जाऊ लागलो. पुढे माझी बदली किन्हीराजाला झाली तेव्हा मला बरं वाटलं.

अकरा वर्षांनी मी त्याच शाळेत हेडमास्तर होऊन आलो. बाबांकडे जायचं, पाया पडायचं, सगळं सांगायचं असं मी येतानाच ठरवलं होतं. मग शाळेची कामं होती. मग पावसाळा होता. मी पुन्हा एकदा दिवाळी जाऊ दिली. गेलो तेव्हा पडवीत कमान भिंतीला टांगलेली होती. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते.

त्यांची सून ज्वारी पाखडत होती. मी नाव सांगितलं. ती उठून आत गेली आणि कापडाचं एक गाठोडं घेऊन आली. त्याला ज्वारीचा भुसा लागला होता. "तुमी येसान म्हनून ठेवलं व्हतं बुढ्यानं," ती म्हणाली.

आत अकरा टाक होते. मुद्गल, भाले, दांडू आणि बॅटीचा एक.

"शाळेत बोलावलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कमान धरली त्याईनं. गुडघा सुजला व्हता तरी. कणगी दरसाली रिकामी होये, नवी ज्वारी भरू, अन् बुढा म्हने, गाठोडं परत टाका आत. मी म्हनो, अजून कायले? त म्हने, मास्तर येतीन." तिने कापडावरचा भुसा झटकला. "मांगच्या साली म्हनत व्हते, आता त सुकलेच असतीन."

मी गाठोडं पुन्हा बांधलं. मग म्हणालो, "त्या दिवशी चूक त्यांची नव्हती. माझी होती."

"आमाले मालूम हाये."

"त्यांनी सांगितलं?"

"नाई. थे काय सांगतीन. तुमी या गल्लीनं जानं सोडलं, तवाच समजलं आमाले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. सूप उचलून ती पुन्हा ज्वारी पाखडायला लागली. निघताना मी बाबांचं नाव विचारलं. तिने सांगितलं.

मी त्या वर्षीच्या विजेत्यांची नावं जुन्या दप्तरातून काढली. दहांपैकी सातजण सापडले. एकजण कोर्टात कारकून आहे, एकाचं बाजारात दुकान आहे, दोघे मळ्यात भाजी पिकवतात. प्रत्येकाच्या दारात जाऊन टाक दिला आणि काय झालं होतं ते सांगितलं. तेच सात वेळा सांगताना माणूस फार थकतो. कोणी रागावलं नाही. मळ्यातला एकजण म्हणाला, "मास्तर, इतक्या सालानं हे काय घेऊन बसले? च्या घ्या." हातातला मुद्गल मात्र त्याने सोडला नाही. तीन टाक माझ्याकडे उरले आहेत, माणसं कुठे आहेत ते कोणाला ठाऊक नाही.

आणि बॅटीचा एक. काल दुपारी शाळा सुटल्यावर मी जुनं शेरेबुक काढलं. ते पान तसंच आहे. साहेबांच्या दोन ओळी, तिसरी अर्धी आणि मग शाईचा मोठा डाग, कडेने तपकिरी पडलेला. मी टाक गालाला लावून पाहिला. थंड लागला नाही. नीब बसवलं, दौतीत बुडवलं आणि डागाच्या खाली लिहिलं: ‘लाकूड ओलं होतं. ते किसन कातारी यांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि टाक शाईत बुडवू नका असंही. टाक वेळेवर सांगून ठेवायला मी विसरलो होतो, साहेबांना अडवलं नाही आणि नंतर खोटं बोललो.’ खाली सही केली.

टाक कुठे कुरकुरला नाही. टीपकागद शेजारीच होता, पण अक्षरांवर ठेवला नाही. पान उघडं ठेवून बसून राहिलो आणि शाई सुकू दिली.