नोकऱ्या सोडणारे आमचे साडू

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या थोरल्या साडूंइतक्या नोकऱ्या कोणी सोडल्या नसतील आणि त्यांच्याइतक्या दुसऱ्यांना कोणी मिळवूनही दिल्या नसतील. मी हिशेबाचा माणूस आहे, आकडा टाकतो तो जपून. सोडलेल्या नोकऱ्या सतरा, असं ते स्वतः सांगतात. मी पडताळून पाहिलं तेव्हा चौदाच भरल्या. राहिलेल्या तीन ठिकाणी ते सकाळी रुजू झाले, दुपारी जेवायला घरी आले आणि परत गेलेच नाहीत. त्या धरायच्या की नाही, यावर आमचा अजून वाद आहे. मी स्वतः पदवी घेतल्यापासून एकाच गुळाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. मुलाखत अशी आयुष्यात एकदाच दिली. शेठजींनी कुणाचा मुलगा आणि उद्यापासून येतोस का, एवढंच विचारलं होतं. तेव्हा या विषयात साडूंपुढे मी तोंड उघडावं अशी माझी लायकी नाही, आणि हे ते मला चारचौघांत सांगतातही.

नोकरी सोडण्याचं कारण त्यांच्या मते कधीच फालतू नसे. सूतगिरणीतली सोडली, कारण साहेब फोनवर बोलता बोलता समोरच्या माणसाला नुसत्या बोटाने ‘जा’ म्हणायचे. फरशीच्या दुकानातली सोडली, कारण मळकट फरशी धुतल्यावर चमकते असं गिऱ्हाइकाला सांगायला लावलं. मंगल कार्यालयातली सोडली, कारण पंगत चालू असताना पंखे बंद करण्याचा हुकूम होता. साखर कारखान्याच्या ऑफिसात मात्र ते चक्क तीन वर्षं टिकले. घरात सगळ्यांना वाटलं, आता झालं. तेवढ्यात कोणीतरी त्यांचं टेबल हलवलं आणि त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. “भिंतीकडं तोंड करून बसायला मी काय शाळंत हाय?” एवढं म्हणून ते डबा घेऊन बाहेर पडले. घर चाललं ते माझ्या थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे अक्कांच्या, शाळेतल्या पगारावर. अक्कांनी त्यावरून चारचौघांत त्यांना कधी शब्दाने दुखावलं नाही. मात्र प्रत्येक नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या डबा भरून द्यायच्या तेव्हा जरा जास्त वेळ दारात उभ्या राहायच्या, असं माझी बायको सांगते.

इतक्या ठिकाणी लागायचं म्हणजे इतक्या ठिकाणी मुलाखती द्यायच्या. ती विद्या त्यांच्याजवळ साठत गेली. फुलेवाडीतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी कॉलेज संपलेली पोरं जमू लागली. त्यांचे ते ‘दाजी’. दाजींचा पहिला नियम असा की नोकरी मागायची नाही, कामाची चौकशी करायची. ते म्हणायचे, “नोकरी हाय का इचारलं की समोरचा न्हाय म्हणायला मोकळा होतो. तुमचं काम कसं चालतंय इचारलं की तासभर बोलतो.” गल्लीत बुकबाइंडिंग करणारे शेख आहेत. त्यांचा मुलगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून घरी बसला होता, आणि इतका लाजरा की पाहुणे आले तर मागच्या दाराने जायचा. साडूंनी त्याला मोटर रिवाइंडिंगच्या एका वर्कशॉपमध्ये फक्त एक शंका विचारायला पाठवलं. मालकाने शंकेचं उत्तर दिलं, मग दुसरी मोटर उघडून दाखवली, मग चहा मागवला. तिसऱ्या फेरीत त्याने मुलाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला तो कायमचा.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे लुटुपुटूची मुलाखत. त्यासाठी ते पायजम्यावर लग्नातला कोट चढवतात. शेजारच्या खुर्चीवर मेथी निवडत अक्का बसतात, त्या कंपनीच्या मॅडम. साडू दरडावून विचारतात, मध्येच घड्याळ बघतात, जांभई देतात. खरे साहेब असंच करतात म्हणे. अक्का मात्र मेथीतून डोकं वर न काढता एकच प्रश्न विचारतात. “आधीची नोकरी का सोडली?” समोरचं पोर कॉलेजातून आत्ता बाहेर पडलेलं, त्याला आधीची नोकरी कुठली? ते गोंधळून दाजींकडे बघतं. दाजी कोटाचं बटण चाचपतात आणि म्हणतात, “मॅडम, हा प्रश्न पुढच्या फेरीत.”

आमची मुलगी सायली संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि ही विद्या माझ्या घरात आली. निकालानंतर तिने मोबाईलवरून दीडशेवर कंपन्यांना अर्ज केले होते. आकडा ऐकून मी खूश होतो. पण उत्तर एकाही ठिकाणाहून आलं नाही. सुरुवातीला ती दर तासाला मेल बघायची, पुढे बघेनाशी झाली. जेवताना बोलेनाशी झाली. बरोबरीच्या मुली पुण्याला गेल्या, त्यांचे फोटो आले की मोबाईल पालथा ठेवायची. एक दिवस आईला म्हणाली, माझ्यात काहीतरी कमी असणार, नाहीतर एवढ्यांतून एकाने तरी विचारलं असतं. माझ्या बायकोने त्याच संध्याकाळी दाजींना बोलावलं.

त्यांनी तिचा बायोडाटा वाचला आणि विचारलं, “सगळ्यांला हाच पाठवलास व्हय? लग्नाच्या पत्रिका वाटल्यागत?” मग एकेका ओळीची झडती. छंद, प्रवास. कुठं कुठं केलास? सायली म्हणाली, जोतिबा. नेतृत्वगुण, हे काय? ती म्हणाली, सगळेच लिहितात. मी वर्गाची प्रतिनिधी होते, बस्स. त्यांनी सोडलं नाही. प्रतिनिधी म्हणून एक तरी काम केलं असशील, ते सांग म्हणाले. बऱ्याच वेळाने तिने सांगितलं की प्रॅक्टिकलची वेळ अशी होती की गारगोटीकडच्या मुलींची शेवटची सोयीची एस.टी. चुकायची. कोणाची किती वेळा चुकली हे तिने महिनाभर मांडून ठेवलं आणि सरांपुढे ठेवलं, तेव्हा बॅच बदलून मिळाली. साडू खुर्चीवरून उठले. “आणि हे सोडून जोतिबा लिव्हलास?” सायली कितीतरी दिवसांनी हसली.

पुढे त्यांनी तिला फक्त सहा कंपन्या निवडायला लावल्या. प्रत्येकीत काय बनतं, कोणाला काय अडचण आहे, हे तिथल्या माणसांना भेटून काढायचं. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत तिच्या कॉलेजची एक मोठी मुलगी कामाला होती. तिच्याकडून कळलं की बरंच कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला माल, तपासणीत नापास होतं आणि ते का, यावर तिथे रोज भांडणं होतात. सायलीने त्यावर चार मुद्दे तयार केले, ते घालून अर्ज केला, आणि तिला मुलाखतीला बोलावणं आलं. पहिलंच. आदल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

उमेदवाराबरोबर नातेवाईक जायचा नाही, हा साडूंचा कडक नियम. म्हणूनच ते माझी स्कूटर घेऊन तिला सोडायला गेले आणि गेटच्या बरंच आधी उतरवून, अनोळखी माणसासारखे मागून चालत येऊन झाडाखाली बसले. सायली आत गेली. इकडे गेटवर ट्रक ड्रायव्हर आणि वॉचमन यांच्यात माल कुठे उतरवायचा यावरून जुंपली. साडूंना हे बघवेना. ते उठले, दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन बोलले, ट्रक स्वतः हात दाखवून मागे घेतला आणि परत झाडाखाली येऊन बसले. कंपनीचे मालक, कुरुंदवाडकडच्या शेतकरी घरातले, वरच्या खिडकीतून हे सगळं बघत होते. ते खाली आले.

“पावणं, कुठं काम करताय?”

“सध्या कुठं न्हाय.”

“मग हितंच या की. माल पाठवायच्या खात्यावर मला असाच माणूस पायजे.”

म्हणजे आत मुलगी घाम पुसत उत्तरं देत होती आणि बाहेर काकांना नोकरी लागत होती, तीही बायोडाटा न देता. सायली बाहेर आल्यावर ठरल्याप्रमाणे साडूंनी ओळख दाखवली नाही. कोपऱ्यापर्यंत दोघं लांबलांबून चालले, तिथे स्कूटर सुरू केली, आणि ती मागे बसते न बसते तोच मालकांची गाडी शेजारी येऊन थांबली. “ही पोरगी तुमची व्हय?” साडू म्हणाले, “साडूची.” मालक काच वर करून गेले.

घरी आल्यावर सायली रडली. मुलाखत चांगली झाली होती, आता त्यांना वाटणार की काकांनी गेटावर नाटक करून माझा वशिला लावला, असं तिचं म्हणणं. “काका, हे एक माझं होतं,” ती म्हणाली. साडू चहा न घेता गेले. त्यानंतर आठवडाभर आले नाहीत. गच्चीवरचा वर्गही बंद होता, असं शेखांचा मुलगा सांगत होता.

मग फोन आला. सायलीची निवड झाली होती. गुणवत्ता खात्याच्या साहेबांनी तिला सांगितलं की मुलाखतीत तूच एकटी होतीस जिने आम्हाला उलटं विचारलं, कुठल्या पाळीत जास्त कास्टिंग नापास होतं म्हणून. मालकांशी त्याचा काही संबंध नव्हता. फोन ठेवता ठेवता साहेब म्हणाले, आणि हो, तुमच्या काकांनाही यायला सांगितलंय मालकांनी.

पेढे घेऊन मी आणि माझी बायको फुलेवाडीला गेलो. साडूंनी सायलीची बातमी पुन्हा पुन्हा ऐकली, साहेब नेमकं काय म्हणाले ते विचारलं. मग मी मालकांचा निरोप सांगितला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या शाळेतून निवृत्त होणार आहेत. हातातलं ताट तसंच धरून त्या उभ्या राहिल्या.

साडूंनी चष्मा काढून पुसला. “न्हाय जमायचं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, का? कंपनी चांगली आहे, माणूस स्वतःहून बोलावतोय.

“म्हणूनच न्हाय. मी जाणार, सहा महिन्यांत कायतरी होणार, आणि मी सोडणार. मला माझं म्हाईत हाय की, पावणं. मग तिथं सगळी पोरीकडं बघणार. हिचा काका तो, असं. तिचं पाय रोवू द्या.”

अक्कांनी ताट खाली ठेवलं आणि त्यांच्यापुढे पेढा धरला. “ही एक तरी लागायच्या आधी सोडलीत,” त्या म्हणाल्या. “माझा डबा भरायचा वाचला.” साडू हसले आणि पेढ्यातला अर्धा त्यांना परत दिला. अक्कांनी तो न खाता ताटात ठेवला.

सायली रुजू झाली त्या दिवशी मी दुकानातून लवकर निघून तिला आणायला गोकुळ शिरगावला गेलो. कंपनीसमोर रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे, तिथे साडू आधीच उभे होते. बसने आले होते.

“घ्यायला आलाय व्हय?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. तुम्ही?

“मी नुसतं बघायला. पहिल्या दिवशी सुटून भाईर येताना माणसाचं तोंड बघायचं. माझं तवाच ठरायचं. घरात सांगायला महिने जायचे, पण ठरलेलं असायचं गेटातच.”

भोंगा झाला. माणसं बाहेर पडू लागली, आणि मग दोन मुलींच्या मध्ये सायली दिसली. केस विस्कटलेले, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, आणि दोन्ही हात हलवत ती त्या दोघींना काहीतरी समजावून सांगत होती. त्यांतली एक मान हलवून नाही म्हणत होती, सायली सोडत नव्हती. मी हाक मारायला हात वर केला. साडूंनी माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ द्या. बोलतीया ती.”

बोलत बोलतच ती कंपनीच्या बसमध्ये चढली. खिडकीत बसली तरी तिचं बोलणं चालूच होतं. आमच्याकडे तिने पाहिलं नाही. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत साडू तिकडे बघत राहिले.

“टिकंल,” ते म्हणाले.

मी स्कूटर काढली. मागची जागा मोकळीच होती, साडू तिथे बसले. सुटीच्या वेळची गर्दी होती, मी सावकाश चालवत होतो. उजळाईवाडी मागे पडली. मग खांद्यामागून त्यांचा आवाज आला.

“कंपनी बरी वाटतीया, पावणं.”

मी म्हटलं, हो, बरी आहे.

“बरी वाटतीया,” ते पुन्हा म्हणाले.