चौकोनी काचेची उभी बाजू

प्रयोगशाळेत सगळे तिला निवांतकाकू म्हणत. काचेवर निळ्या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि पातं इतक्या सावकाश ओढायचं, की बघणाऱ्याला जांभई यावी, हे तिचं चौदा वर्षांचं काम. निवांत कसली, जीव कायम टांगणीला! गेले दहा महिने उजवा हात थरथरत होता. मनगट टेबलाच्या कडेला घट्ट टेकवून, श्वास रोखून ती पातं ओढायची. चहा मात्र सगळ्यांची पाठ वळल्यावर प्यायची.

पात्यामागे काचेवर उरणारी पातळ फिल्म म्हणजे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. त्यातले रेणू लांबलचक धाग्यांसारखे. पातं एकाच दिशेने हळू ओढलं, की ते विंचरलेल्या केसांसारखे शेजारी शेजारी निजतात आणि वीज त्यांच्या लांबीने सुळकन जाते. गुंता राहिला तर अडखळते.

महिनाभर मोजणीत गोंधळ चालला होता. एक फिल्म उत्तम, तर दुसरीतून जेमतेम विसावा हिस्सा वीज जात होती. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "हात एकसारखा चालत नाहीये का तुमचा? शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर पातं ओढायचं यंत्रच मागवू." त्या चिडल्या नव्हत्या, तेच तिला जास्त लागलं. यंत्र आलं म्हणजे निवांतकाकू घरी बसली. संध्याकाळी नवऱ्याने "जेवत का नाहीस?" एवढंच विचारलं, तर ती त्याच्यावरच खेकसली.

शुक्रवारी ती नव्या फिल्म मोजणीच्या खोलीत घेऊन गेली. मोजणारी मुलगी हुशार, पण घोड्यावर बसून आलेली. तिने काच उचलली आणि हातात आली तशी यंत्राखाली सरकवली. आकडा आला तसं तिने तोंड वाकडं केलं.

निवांतकाकू वाकून बघू लागली. दिव्याच्या तिरप्या उजेडात पात्याच्या बारीक रेघा दिसत होत्या, आणि त्या विजेच्या वाटेला आडव्या होत्या. बोलावं का? नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणतील. तरी तोंडून गेलंच, "अगं, तू आडवी ठेवलीस."

"काकू, चौकोनी काचेला आडवं काय नि उभं काय!"

"काचेला नसेल गं. फिल्मला आहे ना!"

महिन्यापूर्वी लांबट काचा संपून या चौकोनी आल्या होत्या. लांबट काच चुकीची बसतच नसे. मुलीने काच फिरवली. आकडा वीसपट चढला. तिने दुसरी फिरवली, तिसरी फिरवली आणि "मॅडम!" म्हणून ओरडत धावली.

मॅडमनी आकडे पाहिले. "चुकलं आमचं, काकू. यंत्रबिंत्र काही नको. फक्त आता प्रत्येक काचेच्या कोपऱ्यावर दिशेचा बाण कोरा," असं म्हणून त्यांनी कोरणी तिच्या हातात दिली. मोजणीचं टेबल उंच, मनगट टेकवायला जागा नाही.

बाण वेडावाकडा उमटला. मॅडमची नजर तिच्या हातावर गेली.

"किती दिवस झाले?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"दहा महिने."

"आणि तरी इतक्या नीट फिल्म ओढल्यात! मग डॉक्टरांना का नाही दाखवलंत?"

नोकरीची भीती होतीच, आणि ती सांगायलाही सोपी होती.

"वडिलांचंही असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. दहा महिन्यांत हे तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं, आणि कोरणी मॅडमच्या हातात परत दिली.