फोटोत दिसली नाही ती शालन

मी फौजेच्या सिग्नलमध्ये सतरा वर्षं काढली. शाळा सातवी. हवालदार होऊन परत आलो. शेवटची पोस्टिंग बर्फातल्या चौकीवर, रेडिओ सेटवर. गस्तीची तुकडी दुश्मनाच्या जवळ गेली की त्यांना बोलता यायचं नाही. मी विचारायचो, ते सेटचं बटण दाबायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आवाज येत नाही म्हणून आम्ही कुणाला मेलेलं धरलं नाही.

गेल्या वर्षी सकाळी सात पन्नासला माझ्या बायकोच्या, शालनच्या, मेंदूत रक्तस्राव झाला. आठ पंचवीसला पिंपरीत हॉस्पिटल गाठलं. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एमआरआयचा फोटो दाखवला.

"काका, डाव्या बाजूला फार नुकसान झालंय. बोलणं, उजवा हात परत येणं अवघड. त्यांना कळतंय की नाही, तेही सांगता येत नाही."

आमचा मुलगा सुनील चाकणची शिफ्ट सोडून आला होता. "आबा, मग व्यायाम लावून आईला कशाला छळायचं? घरी नेऊ. पडू दे शांत."

"तिच्यासमोर बोलतोयस. तिला विचारलंस?"

"फोटो बघितला ना तुम्ही?"

"बघितला. तीन दिवस थांब."

मी शालनचा डावा हात धरला. एकदा दाब, हो. दोनदा, नाही. दोन दिवस काही नाही. सेटपाशी बसून राहायची मला सवय आहे. तिसऱ्या दिवशी सहा चाळीसला बोटं आवळली.

"आपोआप हलली असतील, काका," बाई म्हणाल्या.

"शालन, माझ्या हातचा चहा चांगला असतो?"

दोनदा. दुसऱ्यांदा नख लावून.

बाई हसल्या. मग जवळ येऊन बसल्या.

"व्यायाम करायचा? दुखंल बरं," मी शालनला विचारलं.

एकदा. आणि सोडलाच नाही हात. सुनील भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

फोटो खोटा नव्हता. शालन बोलली नाही, उजवा हात उठला नाही. पण चार महिने ती उठून बसली, डाव्या हातानं जेवली, सुनीलच्या ताटात भाकरी संपली की मला ढोसायची. फोटो जरूर काढा. पण माणूस समोर आहे, त्याला विचारा. दुसऱ्या रक्तस्रावात ती गेली.

आम्ही माजी सैनिक वर्षातून एकदा जमतो, गेलेल्यांची नावं वाचतो. यंदा मी चिठ्ठी दिली. सेक्रेटरी अडखळले. "हवालदारसाहेब, वहिनी कुठं फौजेत होत्या?"

"लढली न्हाई म्हणता?"

"तसं न्हाई, पण यादी जवानांची हाय."

"वाचा."

त्यांनी वाचलं. शिपाई मारुती. लान्स नायक विठोबा. शालन.

सगळे सावधान उभे होते.